कठीण बर्फावरची पकड : धार, दाब आणि कोन

गुलमर्ग किंवा सोलंगच्या उतारावर जाणाऱ्या पर्यटकाला आज स्कीबरोबरच स्नोबोर्डही भाड्याने मिळतो. मऊ बर्फावर हा बोर्ड नवख्यालाही सांभाळून घेतो. रात्रभर गोठून काचेसारख्या झालेल्या बर्फावर मात्र सारी मदार असते ती बोर्डाच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी कडेवर. ही कड बर्फाला कशी धरते, कधी सुटते आणि तिच्या रचनेतील लहान फरकांनी काय बदलते, याचा हा आढावा.

जळगाव शहराजवळचे असोदा हे गाव बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. या परिसरात बर्फवृष्टी होत नाही. फार तर अवकाळी पावसात गारा पडतात. तरीही कठीण पृष्ठभागात धार कशी रुतवावी, हा प्रश्न येथील शेतकऱ्याला नवा नाही. काळी जमीन उन्हाने टणक झाली की वखराची पास, म्हणजे जमिनीत आडवी चालणारी लोखंडी पट्टी, वरच्या वर घसरू लागते. अशा वेळी शेतकरी पासेला लोहाराकडून धार लावून आणतो, वखरावर दगड ठेवतो किंवा स्वतः उभा राहतो आणि पास जमिनीत शिरण्याचा कोन जुळवून घेतो. धार, दाब आणि कोन या तीन गोष्टींनी काम होते. गोठलेल्या उतारावरील स्नोबोर्डचे शास्त्रही याच तीन शब्दांभोवती फिरते.

बर्फाची अनेक रूपे

'बर्फ' या एका शब्दात अनेक पदार्थ सामावलेले आहेत. नुकत्याच पडलेल्या भुरभुरीत हिमाचा एक घनमीटर साधारण ५० ते १०० किलो वजनाचा असतो. त्यात बहुतांश हवाच असते. यंत्राने दाबून तयार केलेल्या उतारावर हेच वजन ४०० ते ६०० किलोंपर्यंत जाते. शुद्ध, घट्ट बर्फाचे घनमीटरमागे वजन सुमारे ९१७ किलो भरते.

हिमाचे कण एकमेकांना टेकले की त्यांच्यामध्ये हळूहळू बर्फाचेच सांधे तयार होतात. दिवसा ऊन लागून वरचा थर किंचित वितळला आणि रात्री पुन्हा गोठला, तर हे सांधे अधिकच घट्ट होतात. त्यावरून शेकडो जण घसरत गेले की सैल हिम बाजूला लोटले जाते आणि खालचा गुळगुळीत थर उघडा पडतो. शिवाय तापमान जितके खाली जाते तितका बर्फ टणक होत जातो. शून्य अंशाजवळच्या बर्फात सहज रुतणारी कड उणे १५ अंशांत त्याच बर्फावर केवळ ओरखडा काढू शकते.

मऊ हिमात बोर्ड काही सेंटिमीटर खोल बुडतो. त्यामुळे त्याच्या संपूर्ण तळाला आणि बाजूला आधार मिळतो. कडेची धार बोथट असली तरी फारसे बिघडत नाही. कठीण बर्फावर हा आधार नाहीसा होतो. कड मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी रुतते आणि तेवढ्यावरच स्वाराचा सारा भार पेलावा लागतो.

घर्षण पुरेसे का नाही?

बर्फावरून माणूस घसरतो, कारण तेथे घर्षण अत्यल्प असते. मेण लावलेला तळ आणि बर्फ यांच्यातील घर्षणगुणांक सर्वसाधारणपणे ०.१ पेक्षा कमी भरतो. याचा अर्थ असा, की उतार सुमारे सहा अंशांहून अधिक झाला तर केवळ घर्षणाच्या बळावर तेथे थांबता येत नाही. २० अंशांच्या उतारावर थांबण्यासाठी हा गुणांक सुमारे ०.३६ असावा लागेल. कोणतेही मेण, कोणताही तळ ही तफावत भरून काढू शकत नाही.

म्हणून कठीण बर्फावरची पकड मुळात घर्षणाची नसते. पोलादी कड बर्फात एक बारीक पायरी कापते आणि बोर्ड त्या पायरीवर टेकून उभा राहतो. पायरी टिकली तर स्वार टिकतो. ती मोडली किंवा मुळात कापलीच गेली नाही, तर बोर्ड आडवा घसरू लागतो. कडेच्या रचनेतील प्रत्येक सुधारणेचे उद्दिष्ट ही पायरी कापणे आणि टिकवणे हेच आहे.

दाबाचे साधे गणित

यातील दाबाचा भाग एका उदाहरणाने स्पष्ट होतो. कपडे व बुटांसह ७० किलो वजनाचा स्वार सपाट ठेवलेल्या बोर्डावर उभा आहे आणि बोर्डाचा १२० सेंटिमीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद भाग बर्फाला टेकला आहे, असे समजू. हे क्षेत्रफळ ३,००० चौरस सेंटिमीटर होते आणि प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम २३ ग्रॅम भार येतो. आता बोर्ड कडेवर उभा केला आणि केवळ एक मिलिमीटर रुंदीची पट्टी बर्फाला टेकली, तर क्षेत्रफळ १२ चौरस सेंटिमीटर उरते. तोच भार आता चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो ८०० ग्रॅम होतो. म्हणजे दाब २५० पट वाढला.

कडेची धार बोथट होऊन ती गोलसर झाली, की टेकणारी पट्टी रुंदावते आणि दाब त्याच प्रमाणात कमी होतो. बर्फाच्या टणकपणावर मात करण्याइतका दाब उरला नाही, की कड रुतण्याऐवजी वरून सरकते. धारदार कडेचे महत्त्व एवढ्यासाठीच आहे. ती दाब लहान जागेत एकवटते.

तथापि धार आणि दाब असूनही कोन चुकला तर उपयोग होत नाही. कापलेल्या पायरीचा उतार डोंगराच्या आतल्या बाजूला असेल किंवा ती निदान आडवी असेल, तर त्यावर बोर्ड टिकतो. पायरी दरीच्या बाजूला कलली, की जिन्याच्या झिजलेल्या पायरीप्रमाणे ती घसरण्याचीच वाट होते. वळणावर वेगामुळे बाहेर फेकणारा जोरही यात मिळतो; म्हणून वेग जितका अधिक, तितका बोर्ड अधिक कलवावा लागतो. घाबरलेला नवशिका नेमके उलट करतो. तो डोंगराकडे झुकतो. वजन कडेवरून हटते, बोर्डाचे टोक सुटते आणि तो बसकण मारतो.

लाकडाच्या कडेपासून पोलादापर्यंत

पोलादी कडेचा इतिहास स्नोबोर्डपेक्षा जुना आहे. लाकडी स्कीच्या कडा कठीण बर्फावर लवकर गोल होत आणि पकड सुटे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथील गिर्यारोहक रुडॉल्फ लेटनर यांनी १९२६ मध्ये पोलादाच्या लहान पट्ट्या स्कीच्या कडेला स्क्रूने बसवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. पुढे ही कड स्कीचा अविभाज्य भाग झाली.

स्नोबोर्डने हाच धडा पुन्हा गिरवला. अमेरिकेत मिशिगन राज्यातील मस्किगन येथे शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये दोन स्की जोडून मुलींसाठी खेळणे तयार केले. 'स्नर्फर' नावाने ते विकले गेले. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँट राज्यात आपली कंपनी स्थापन केली. सुरुवातीच्या या बोर्डांना धातूची कड नव्हती. ते मऊ, खोल हिमासाठीच योग्य होते. अमेरिकेच्या पूर्व भागातील उतार मात्र टणक, गोठलेल्या बर्फासाठी प्रसिद्ध आहेत. १९८० च्या दशकात पोलादी कडा आल्या आणि स्नोबोर्ड दाबलेल्या, कठीण उतारांवर नियंत्रणात राहू लागला. पुढे १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला.

आजच्या बोर्डाची कड तळाभोवती बसवलेली कडक पोलादाची अखंड पट्टी असते. रॉकवेल सी मापनावर तिचा टणकपणा साधारण ४५ ते ५० असतो. याहून मऊ पोलाद लवकर झिजते. फार टणक पोलाद ठिसूळ होते, दगडावर आदळल्यास तडकते आणि कानशीला दाद देत नाही. विळ्याला पाणी देताना लोहाराला जो तोल सांभाळावा लागतो, तोच येथेही असतो.

एका अंशाचा फरक

कडेला दोन पृष्ठे असतात : एक तळाकडचे, दुसरे बाजूचे. ही दोन्ही पृष्ठे किंचित कलती घासली जातात आणि त्यावर कडेचा प्रत्यक्ष कोन ठरतो.

तळाकडचे पृष्ठ एक अंशाने वर उचलले तर कड बर्फापासून थोडी अधांतरी राहते. सरळ जाताना ती अकारण बर्फात अडकत नाही. मात्र त्यामुळे कोन ९१ अंशांचा, म्हणजे किंचित बोथट होतो. बाजूचे पृष्ठ एक अंश आत घेतले की तो पुन्हा ९० अंशांवर येतो. दोन अंश घेतले तर ८९ आणि तीन घेतले तर ८८ अंश होतो. कारखान्यातून येणाऱ्या अनेक बोर्डांना दोन्हीकडे एकेक अंश कल दिलेला असतो. शर्यतीच्या बोर्डांत तळाचा कल अर्ध्या अंशापर्यंत कमी आणि बाजूचा दोन ते तीन अंशांपर्यंत अधिक ठेवतात.

मग सर्वांनीच शर्यतीची धार का लावू नये? याचे उत्तर स्नोबोर्डवरील सर्वांत त्रासदायक अपघातात आहे. स्वार बोर्डावर आडवा उभा असतो. एक कड पायाच्या बोटांकडे, तर दुसरी टाचेकडे असते. उतारावर आडवे घसरत असताना दरीकडची कड चुकून बर्फात रुतली, तर बोर्ड जागीच थांबतो आणि स्वार क्षणार्धात पुढे किंवा पाठीवर आपटतो. तोल सावरण्याची संधीच मिळत नाही. पडताना हात पुढे केल्याने मनगटाला होणारी दुखापत नवशिक्यांत सर्वाधिक आढळते. पाठीवर पडल्यास डोक्याला मार बसतो. तळाचा एक-दोन अंश कल हा या अपघातावरचा उपाय आहे. बोर्डाच्या दोन्ही टोकांजवळ, जेथे कड बर्फापासून दूर वळू लागते, तेथील धारही मुद्दाम बोथट केली जाते.

थोडक्यात, कठीण बर्फावर पकड देणारी तीक्ष्णता आणि नवशिक्याला सांभाळून घेणारी सौम्यता यांत निवड करावी लागते. सर्वांसाठी सर्वोत्तम अशी एकच धार नाही.

कडेची वक्ररेषा

वरून पाहिल्यास बोर्ड मध्ये अरुंद आणि टोकांकडे रुंद दिसतो. त्याची कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. सर्वसाधारण बोर्डात या वर्तुळाची त्रिज्या ७ ते ९ मीटर असते. ८ मीटर त्रिज्या आणि १२० सेंटिमीटर लांबीची कड घेतली, तर मध्यावरचा खोलवा सुमारे सव्वादोन सेंटिमीटर भरतो.

बोर्ड कलवला की हा खोलवा बर्फाला टेकेपर्यंत बोर्ड वाकतो आणि कड वळणाच्या आकाराची होते. कल वाढेल तसे वळण लहान होते. ८ मीटर त्रिज्येचा बोर्ड ३० अंश कलवल्यास वळणाची त्रिज्या सुमारे ६.९ मीटर आणि ६० अंश कलवल्यास ४ मीटर होते. मऊ हिमात बोर्ड रुतत असल्याने हे गणित सैल होते. कठीण बर्फावर ते बरेच काटेकोर लागू पडते. म्हणून तेथे कडेच्या आकारातील दोष लगेच जाणवतो.

बर्फाला प्रत्यक्ष टेकणाऱ्या कडेची लांबीही महत्त्वाची असते. १५५ ते १६० सेंटिमीटरच्या बोर्डात ती साधारण ११० ते १२५ सेंटिमीटर भरते. लांब कडेने पायरीही लांब कापली जाते आणि ती सहसा मोडत नाही. मध्ये वर उचललेली कमान असलेला पारंपरिक बोर्ड स्वाराच्या वजनाने दबतो आणि दाब टोकांपर्यंत पोहोचवतो. याउलट केळ्यासारखा, टोके वर उचललेला बोर्ड हिमात सहज तरंगतो, पण कठीण बर्फावर त्याच्या टोकांकडची कड हवेतच राहते. लिब टेक कंपनीने अशा आकाराच्या आपल्या एका बोर्डाला 'स्केट बनाना' असे नावच दिले आहे. जळगावच्या वाचकाला त्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

दातेरी विळा आणि नागमोडी कड

ओले गवत साध्या विळ्याखालून निसटते. दातेरी विळा मात्र ते धरून ठेवतो. प्रत्येक दाताच्या टोकावर जोर एकवटतो, हे त्याचे कारण. स्नोबोर्डच्या कडेतही हीच कल्पना वापरली गेली आहे.

अमेरिकेतील मर्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग या लिब टेकच्या उत्पादक कंपनीने २००० च्या दशकात 'मॅग्ने-ट्रॅक्शन' नावाची कड बाजारात आणली. या कडेला सलग वक्राऐवजी हलके फुगवटे आहेत. हे दात विळ्याइतके बारीक नसतात. बोर्डाच्या संपूर्ण लांबीत प्रत्येक बाजूला मोजकेच फुगवटे येतात आणि वरून पाहिल्यास कड किंचित नागमोडी दिसते. कठीण बर्फावर हे फुगवटे आधी टेकतात. भार मोजक्या जागी विभागला जातो, तेथील दाब वाढतो आणि कड रुतते. स्वाराच्या पायांखाली आणि पायांच्या मध्ये फुगवटे ठेवल्याने टोकांकडची पकड कमी असलेल्या केळ्यासारख्या बोर्डांनाही त्याचा लाभ मिळतो.

त्यानंतर इतर उत्पादकांनीही आपापले मार्ग शोधले. बर्टनच्या 'फ्रॉस्टबाइट' कडेत पायांखालचा भाग किंचित बाहेर काढलेला असतो. जोन्स कंपनीच्या 'ट्रॅक्शन टेक' रचनेत पायांजवळ जादा टेकण्याची ठिकाणे दिली आहेत. येस कंपनीच्या 'अंडरबाइट' रचनेत उलट पायांखालची कड आत घेतली आहे, जेणेकरून तिच्या दोन्ही बाजूंना दाब वाढावा. आर्बर आणि नेव्हर समर यांच्या बोर्डांत अनेक त्रिज्यांचे वक्र जोडून टेकण्याची जागा वाढवली आहे. नावे निराळी असली तरी तत्त्व एकच आहे : दाब हव्या त्या जागी नेणे.

या रचनेची किंमतही मोजावी लागते. मऊ हिमात फुगवटे कधी कधी अकारण धरतात आणि बोर्ड वळणातून मोकळेपणाने सुटत नाही. गुळगुळीत, सलग वळण कापताना साधी वक्र कड अधिक एकसंध वाटते. शर्यतीतील खेळाडू नागमोडी कड वापरत नाहीत. ते लांब, सलग आणि अतिशय धारदार कडेवर विसंबून असतात. दातेरी विळ्याने गवत कापता येते, पण भाजी चिरायला साधी विळीच लागते.

पीळ, कंप आणि रुंदी

कड कितीही उत्तम असली तरी ती ज्या बोर्डाला जडलेली आहे त्याने साथ द्यावी लागते. बोर्ड कलवल्यावर कठीण बर्फ त्याची टोके उलट दिशेने पिळू पाहतो. बोर्ड पिळाला मऊ असेल, तर पायांखाली कड ४० अंश कललेली असतानाही टोकांजवळ ती त्याहून कमी कलते आणि तेथील पकड सुटते. म्हणून कठीण बर्फासाठीचे बोर्ड काचतंतू आणि कार्बनतंतूंच्या तिरप्या थरांनी पिळाला ताठ केलेले असतात.

दुसरा शत्रू म्हणजे कंप. खडबडीत बर्फावरून वेगाने जाताना बोर्ड थरथरतो आणि प्रत्येक थरथरीत कड क्षणभर पायरी सोडते. कडेलगत बसवलेली रबराची पातळ पट्टी हा कंप शोषते. शर्यतीच्या बोर्डांत टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रेही वापरतात.

तिसरी बाब रुंदीची. बोर्ड फार रुंद असेल तर बूट कडेपासून आत राहतो आणि ती दाबण्यास अधिक जोर लागतो. फार अरुंद असेल तर कललेल्या बोर्डाच्या बाहेर आलेला बूट बर्फाला घासतो आणि कडच उचलली जाते. शर्यतीचे स्वार पावले पुढच्या दिशेला बरीच वळवून बांधतात. त्यामुळे त्यांना अरुंद बोर्ड वापरता येतो आणि पाय थेट कडेच्या वर येतात. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेका यांनी २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगची सुपर-जी आणि स्नोबोर्डची समांतर जायंट स्लॅलम अशा दोन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळवली. दोन्ही खेळांत कडेवरील हुकूमत हाच समान धागा होता.

स्केटचे पाते

बर्फावरील कडेचा महाराष्ट्राला अधिक जवळचा परिचय आइस स्केटिंगमधून आहे. लेह येथील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राच्या खेळाडूंनी स्केटिंगमध्ये पदके मिळवली आहेत. फिगर स्केटिंग आणि आइस हॉकीच्या स्केटचे पाते खालून सपाट नसते. त्यात लांबीच्या दिशेने पन्हळीसारखी खाच घासलेली असते. त्यामुळे एका पात्याला दोन धारदार कडा मिळतात. खाच खोल केली तर कडा अधिक टोकदार होतात आणि पकड वाढते, पण सरकण्याचा वेग घटतो. खाच उथळ ठेवली तर पाते सहज सरकते आणि पकड कमी होते. वेगाच्या शर्यतीतील पाते म्हणूनच पातळ आणि तळाला सपाट असते. स्नोबोर्डच्या एका अंशाच्या निवडीत आणि या खाचेच्या खोलीत तत्त्वतः फरक नाही.

भारतातील उतार

देशात स्नोबोर्डसाठी सर्वाधिक ओळखले जाणारे ठिकाण म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग. सुमारे २,६५० मीटर उंचीवरील या ठिकाणाहून रोपवेने अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३,९५० मीटरवर जाता येते. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, तर दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. येथील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था यांच्यामार्फत बर्फावरील खेळांचे प्रशिक्षण दिले जाते. उत्तराखंडमधील औली येथे २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील बर्फावरच्या शर्यती झाल्या.

गुलमर्गची ख्याती भुरभुरीत, खोल हिमासाठी आहे. पण हे हिम दरवर्षी वेळेवर येईलच, अशी खात्री राहिलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ जवळपास कोरडे राहिले. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा तेथील टप्पा २२ फेब्रुवारीपासून होणार होता; पुरेसा बर्फ नसल्याने तो पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्च या काळात पार पडला.

बर्फ कमी पडला, की आहे त्याच थरावरून अधिक माणसे जातात. नवे हिम वर पडत नाही, दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे चालू राहते. सकाळच्या वेळी असा उतार विशेष टणक असतो. कमी बर्फात दगडही वर येतात आणि कडेला खाचा पाडतात. म्हणजे ज्या हंगामात धारदार कडेची गरज सर्वाधिक असते, त्याच हंगामात ती लवकर बिघडते. भाड्याचा बोर्ड घेणाऱ्या पर्यटकाने ही गोष्ट ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

बोर्ड भाड्याने घेताना

- कड तपासा. नखाचा पृष्ठभाग कडेवर हलकेच आडवा घासावा. नखाची बारीक पूड निघाली तर धार आहे, नख नुसतेच सरकले तर कड बोथट आहे. कडेच्या लांबीच्या दिशेने बोट कधीही फिरवू नये.
- दोन्ही बाजू पाहा. पायांखालचा आणि मधला भाग सर्वांत महत्त्वाचा. एक बाजू धारदार आणि दुसरी बोथट असलेला बोर्ड एका वळणात धरतो आणि दुसऱ्यात सोडतो.
- गंज आणि तडे पाहा. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. कड तळापासून सुटलेली किंवा तुटलेली असेल तर तो बोर्ड घेऊ नये.
- पहिल्याच दिवशी शर्यतीच्या धारेचा आग्रह धरू नये. नवशिक्याला तळाचा एक अंश कल आणि बोथट केलेली टोके अधिक सुरक्षित ठरतात.
- हेल्मेट आणि मनगटाचे संरक्षक पट्टे वापरावेत.
- उतार टणक असेल तर थोडे थांबावे. ऊन लागून वरचा थर मऊ झाल्यावर शिकणे सोपे जाते.

स्वतःचा बोर्ड असणाऱ्यांनी दिवसअखेर कड कोरड्या फडक्याने पुसावी. दगडावर आदळलेल्या जागी पोलाद अधिक टणक होते. तेथे थेट कानस चालवल्यास कानसच खराब होते. म्हणून अशी जागा आधी हिऱ्याचा लेप असलेल्या दगडाने घासावी आणि मग कोन धरून ठेवणाऱ्या चौकटीत कानस बसवून बाजूचे पृष्ठ घासावे. तळाकडचे पृष्ठ वारंवार घासू नये. तेथील कल एकदा वाढला की तो कमी करण्यासाठी संपूर्ण तळ यंत्रावर घासावा लागतो. नागमोडी कडेलाही याच पद्धतीने धार लावता येते, मात्र अवजार आखूड असावे. प्रत्येक घासणीत थोडे पोलाद जाते आणि दोन मिलिमीटरची कड कायमची पुरणारी नसते.

नवी रचना, नवे नाव आणि अधिक किंमत यांकडे ग्राहकाचे लक्ष सहज जाते. पण फुगवट्यांची सर्वांत आधुनिक कडही बोथट झाली तर पायरी कापू शकत नाही, आणि साधी कड वेळेवर घासलेली असेल तर बहुतेक पर्यटकांच्या उतारांवर ती पुरेशी ठरते. त्यापुढचे काम स्वाराचे असते : वजन कडेवर ठेवणे आणि कल धरून ठेवणे. पास कितीही धारदार असली तरी वखरावर भार नसेल तर ती टणक रानावरून नुसतीच घसरत जाते, हे असोद्याच्या शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही.